'द फ्लाय २' पुन्हा पाहिला : पटकथा लंगडी, पण तो प्राणी?

मध्यरात्र

डेव्हिड क्रोनेनबर्गच्या 'द फ्लाय'बद्दल (१९८६) इथे भरपूर लिहून झालंय. हा धागा दुसऱ्या भागासाठी काढतोय. 'द फ्लाय २', साल १९८९. क्रोनेनबर्ग नाही, जेफ गोल्डब्लम फक्त जुन्या चित्रफितीत दिसतो, जीना डेव्हिस तर नाहीच. समीक्षकांनी तेव्हाच झोडपला होता आणि आजही भयपटवाल्यांच्या गप्पांत त्याचं नाव निघालं की लोक नाक मुरडतात.

शनिवारी रात्री पुन्हा लावला. माझं मत असं झालंय की सिनेमा अर्धा फसलाय हे खरं, पण जो अर्धा जमलाय तसा त्या काळच्या भयपटांत क्वचितच जमलाय. आणि जमलाय तो लिहिणाऱ्यांमुळे नाही, घडवणाऱ्यांमुळे.

(पुढे रसभंग आहे. पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिल्या भागातला सेथ ब्रंडल माशीत मिसळून मेला. त्याचा मुलगा मार्टिन जन्मतो, आई वेरोनिका बाळंतपणात जाते. बार्टॉक नावाचा उद्योगपती त्याला प्रयोगशाळेत वाढवतो. मुलाची वाढ इतकी भराभर होते की पाचव्या वाढदिवसाला तो पुरा तरुण झालेला असतो (एरिक स्टोल्ट्झ). बार्टॉक त्याला मुलगा मुलगा म्हणतो आणि बापाचं अपुरं यंत्र (वस्तू एका कुपीतून दुसऱ्या कुपीत पाठवणारं) दुरुस्त करायला बसवतो. अंगातली माशी कधी जागी होते याची वाट बघणं हा बार्टॉकचा खरा धंदा.

दिग्दर्शक क्रिस वालास. पहिल्या भागातले सगळे प्राणी ज्याच्या कारखान्यात घडले तोच हा माणूस. त्या कामासाठी त्याला आणि स्टीफन ड्यूपुईला रंगभूषेचं ऑस्कर मिळालं होतं. 'ग्रेमलिन्स'मधली (१९८४) पिल्लावळही त्याचीच. दिग्दर्शनाचा हा त्याचा पहिलाच सिनेमा.

माझे प्रश्न दोन. एक, पहिल्या अर्ध्या भागातला कुत्र्याचा प्रसंग तुम्हालाही सगळ्यात भारी वाटतो का? दोन, शेवट हा न्याय आहे की नुसता सूड?

हार्बर_लाईन

वयाच्या पाचव्या वर्षी स्वतःची खोली, नोकरी आणि मैत्रीण! मार्टिनच्या अंगात माशी नसती तर मुंबईतल्या तमाम पोरांनी त्याचा हेवा केला असता.

बाकी वाचतोय. मस्त धागा.

गिरगावकर

आम्ही हा सिनेमा चाळीत पाहिलाय. व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत तीन-चार कॅसेटी, आणि रात्रभर चालवून सकाळी परत करायचा, असे ते दिवस. कॅसेट कुठल्या तरी कॉपीची कॉपी. अंधारातले प्रसंग आले की पडदा काळा ठिक्कर, त्यात काहीतरी ओलं चमकतंय एवढंच दिसायचं. लिफ्टखाली डोकं चिरडतं तिथे शेजारच्या काकू उठून गेल्या होत्या, दिसलं मात्र कुणालाच धड नव्हतं.

अलीकडे मुलाने स्वच्छ प्रत लावून दिली. सगळं लख्ख. माझं म्हणणं असं की तो प्राणी आम्हाला जेवढा त्या कॅसेटीत भ्यायला लावून गेला तेवढा आता लावत नाही. अंधार म्हणजे अर्धी रंगभूषा.

नाममात्र

हल्ली एक पंथच निघालाय. रबर दिसलं की गुण द्यायचे आणि संगणकावर केलेलं दिसलं की कापायचे. अहो, सिनेमा वाईट असेल तर प्राणी कशाचा का असेना, तो वाईटच.

पहिल्या भागात रंगभूषा का भिडते? कारण ती सेथच्या अंगावर टप्प्याटप्प्याने चढते. नखं गळतात, दात पडतात, कान गळून हातात येतो, आणि तो माणूस बोलत राहतो, विनोद करत राहतो. शेवटी जे उरतं त्यातही आपल्याला सेथ दिसतो, म्हणून बंदूक स्वतःच्या डोक्याला लावून घेणारा तो प्राणी पाहवत नाही. दुसऱ्या भागात मार्टिन थोडा वेळ सुजतो, मग कोशात जातो आणि बाहेर येतो ते थेट राक्षस होऊन. तिथून पुढे पहारेकऱ्यांची कत्तल. मार्टिन कुठाय त्यात? उत्तम कारागिरीचं जनावर धावतंय एवढंच.

मध्यरात्र

@नाममात्र, कोशाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. सिनेमा तिथेच फुटतो. पण एक गोष्ट निसटतेय तुमच्या हातून. बाहेर आलेला मार्टिन माणसांवर तुटून पडतो, तेव्हा एक पहाऱ्याचा कुत्रा त्याच्या समोर येतो. तो त्याला मारत नाही. तो भयाण पंजा खाली येतो आणि कुत्र्याला थोपटतो. माझ्या मते मार्टिन तिथे आहे. सगळ्या त्या धुमाकुळात तेवढ्याच एका जागी आहे, पण आहे.

आणि तो क्षण पटतो कारण अर्ध्या तासापूर्वी आपण दुसरा कुत्रा पाहिलेला असतो.

पार्लेकरीण

कुत्र्याकडे येऊच, पण आधी बाईचं बोलूया का?

पहिल्या सिनेमातली वेरोनिका ही केवळ प्रेयसी नाही. ती पत्रकार आहे, आपण सगळं तिच्या डोळ्यांनी बघतो, आणि पोटातल्या जिवाचं काय करायचं हा प्रश्न तिचा आहे. तिला अळी जन्मल्याचं स्वप्न पडतं, त्यात प्रसूती करणारा डॉक्टर खुद्द क्रोनेनबर्ग आहे. तिथे भीती तिच्या शरीरातली आहे. दुसरा भाग काय करतो? जीना डेव्हिस नाही म्हणून दुसरी नटी बाळंतपणाच्या टेबलावर ठेवतो आणि पहिल्या काही मिनिटांत मारून टाकतो. त्या स्वप्नातली भीती फक्त एका किळसवाण्या प्रसंगासाठी वापरून घेतलीय.

मग येते बेथ (डॅफ्नी झुनिगा). तीही कर्मचारी, तिचंही स्वतःचं डोकं आहे, पण पटकथेला ती हवी असते ती आधी प्रेम करायला आणि नंतर शेवटचं बटण दाबायला. चार लेखक लागले या सिनेमाला (मिक गॅरिस, व्हीट बंधू आणि फ्रँक डॅराबाँट), चौघांपैकी एकालाही तिच्यासाठी दोन वाक्यं सुचू नयेत?

एवढं असूनही मध्यरात्रला अर्धं अनुमोदन. खोलीत लपवलेले कॅमेरे मार्टिनला सापडतात तो भाग आज जास्त बोचतो. बार्टॉकने त्याला घर दिलं ते पाहण्यासाठी दिलं. आपल्या सगळ्यात खासगी क्षणाची चित्रफीत कुणीतरी कपाटात लावून ठेवलीय, हे कळलेल्या पोराचा चेहरा स्टोल्ट्झने छान केलाय.

हार्बर_लाईन

फ्रँक डॅराबाँट म्हणजे 'शॉशँक'वाला? तोच?

मध्यरात्र

तोच. 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) त्यानंतर पाच वर्षांनी. आता त्या नजरेने बघा: बंद भिंती, वर गोड बोलणारा मालक, आत हुशार माणूस जो मालकाचं काम करता करता स्वतःची वाट खणतोय. मार्टिन यंत्रात परवलीचा शब्द घालून ठेवतो, तो शब्द 'डॅड' निघतो. कोणत्या लेखकाने काय लिहिलं ते मला सांगता येणार नाही, पण धागा तोच वाटतो.

साचेवाला

लालबागला मूर्तीच्या कारखान्यात वाढलो, आता गोरेगावला मालिका-जाहिरातींसाठी प्रोस्थेटिक (नटाच्या अंगावर चिकटवायचे रबरी तुकडे) आणि प्रॉप बनवतो. त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी गिरगावकर काकांना. काका, अंधार मदत करतो हे बरोबर. पण 'काहीतरी ओलं चमकतंय' ते कॅसेट खराब होती म्हणून नव्हतं. ते मुद्दाम केलेलं असतं. रबर मुळात मेलेलं दिसतं, उजेड पितं. त्यावर चिकट द्रव ओतला की उजेडाचे ठिपके उठतात, पृष्ठभाग हलल्यासारखा वाटतो आणि जोडही लपतात. तो चिकटा बहुतेक मिथाईल सेल्युलोजचा असतो. पांढरी पूड असते, पाण्यात फुगते, निरुपद्रवी. अख्ख्या एका पिढीचे राक्षस त्यात न्हालेत.

आता हे बनतं कसं, कारण 'रबर' म्हणून उडवून लावतात ते मला लागतं. नटाला खुर्चीत बसवायचं. दाताचे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायला जी अल्जिनेटची पूड वापरतात ती कालवून चेहऱ्यावर थापायची, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या, वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. ते सुटलं की आतून प्लास्टर ओतून नटाचं डोकं मिळतं. त्या डोक्यावर मातीने प्राणी घडवायचा. सुरकुती, छिद्रं, शिरा, सगळं मातीत. त्याचा साचा काढायचा, माती खरवडून टाकायची. आता साचा आणि प्लास्टरचं डोकं एकमेकांत बसवले की मधे जी फट उरते, ती फट म्हणजे तुमचा प्राणी. तिच्यात फोम लेटेक्स (फेसाळलेलं रबर) भरायचं आणि भट्टीत भाजायचं. फेस नीट उठला नाही, भट्टी कमीजास्त झाली, दमट हवेने घोळ घातला, तर सकाळी साचा उघडल्यावर हातात भोकं पडलेला स्पंज येतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात मुंबईत हे काम करून बघा.

आणि तुकडा चेहऱ्यावर चिकटवला की संपत नाही. त्याचा काठ कागदाहून पातळ लागतो. काठ दिसला की प्राणी मेला. इथे दिव्यांखाली नटाला घाम फुटतो, डिंक सुटायला लागतो, आणि आम्ही प्रत्येक शॉटच्या मधे कापूस घेऊन धावतो.

हे झालं चेहऱ्याचं. 'फ्लाय २'मधला शेवटचा प्राणी किंवा तो कुत्रा हे निव्वळ चेहऱ्यावरचं काम नाही. आत सांगाडा, सांगाड्यातून केबली, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर माणसं ओळीने बसलेली. एकाच्या हातात जबडा, दुसऱ्याच्या हातात मान, तिसरा फक्त श्वास चालवतो. श्वासवाला सगळ्यात महत्त्वाचा. तो थांबला की बाकीच्यांनी काहीही केलं तरी ती वस्तू होते.

आमच्या लालबागच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती कुणीही करत नाही. जो करतो तो आधी काही वेळ नुसता मूर्तीसमोर बसतो. क्रिस वालास तसा माणूस होता असं मला त्याचं काम बघून वाटतं. कुठे थांबायचं ते त्याला कळतं. त्या कुत्र्यात त्याने भीतीदायक असं जवळजवळ काही ठेवलेलं नाही. अंग वेडंवाकडं झालंय, चालता येत नाही, सरपटतोय. पण वागणं पाळलेल्या कुत्र्याचं. ओळखीचा माणूस दिसला की कुत्रा जसा करतो तसं करतो. भीती वाटायच्या जागी लाज वाटते, माणूस असल्याची.

कुत्र्यांची_ताई

मी विक्रोळीला रस्त्यावरची कुत्री सांभाळते, म्हणून माझ्या मैत्रिणीने हा धागा पाठवला. सिनेमा पाहिलेला नाही, पाहवेल असं वाटत नाही. कुत्र्याचं नक्की काय होतं ते कुणी नीट सांगेल का?

मध्यरात्र

@कुत्र्यांची_ताई, सांगतो.

मार्टिन लहान असताना प्रयोगशाळेतल्या एका गोल्डन रिट्रीव्हरशी त्याची गट्टी जमते. एकाकी पोर, तोच एक सवंगडी. शास्त्रज्ञ त्याच कुत्र्याला यंत्रातून पाठवतात, पलीकडून निघतं ते ओळखू न येणारं, वेदनेने पिसाळलेलं. पोर हे काचेतून बघतं. त्याला सांगतात, संपलं ते, त्रास झाला नाही. मोठा झाल्यावर एका रात्री त्याला कळतं की कुत्रा जिवंत आहे. अभ्यासासाठी खड्ड्यात ठेवलाय, वाडग्यात लगदा टाकतात. मार्टिन खाली उतरतो. कुत्रा त्याला ओळखतो. मार्टिन क्लोरोफॉर्मचं फडकं त्याच्या तोंडाशी धरतो आणि तो शांत होईपर्यंत त्याला जवळ घेऊन बसतो.

बाहुला आहे तो, रबर आणि केबली. साचेवाल्यांनी सांगितलं तसं. मला आधीपासून माहीत होतं आणि तरीही मी रडलोय.

कुत्र्यांची_ताई

धन्यवाद. वाचून थांबले होते थोडा वेळ.

मग मला या सिनेमाबद्दल आदर वाटतो. गाडीखाली आलेलं जनावर दवाखान्यात नेलं की कधी कधी डॉक्टर हळूच विचारतात, काय करायचं? तेव्हा 'असू दे, जगेल तेवढं जगेल' म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतात आणि ती स्वतःला दयाळू समजतात. मार्टिनने केलं ते खरं प्रेमाचं काम. शेवटपर्यंत हात न काढणं तर त्याहून अवघड.

आता शेवट सांगा. मध्यरात्रने न्याय की सूड विचारलंय, तो कशाबद्दल?

गिरगावकर

ताई, शेवटी मार्टिनला बरं व्हायचं असतं. त्यासाठी यंत्रात एक धडधाकट माणूस सोबत लागतो. मार्टिनचे बिघडलेले गुण त्याच्यात जाणार, त्याचे चांगले मार्टिनमध्ये येणार. मार्टिन बार्टॉकला ओढत आत नेतो, बेथ यंत्र चालू करते. मार्टिन माणूस होऊन बाहेर पडतो. बार्टॉकचा मांसाचा गोळा होतो आणि त्याला त्याच खड्ड्यात ठेवतात. तसाच वाडगा, तसाच लगदा, आणि वाडग्याच्या काठावर एक माशी.

चाळीत आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

पार्श्वसंगीत

टाळ्यांच्या जागी संगीत ऐका एकदा. क्रिस्टोफर यंगचं आहे, 'हेलरेझर'वाला (१९८७). पहिल्या भागाला हॉवर्ड शोर होता, त्याने शोकांतिकेला साजेसं भव्य संगीत दिलं होतं. यंगने तोच भव्यपणा ठेवला, पण कुत्र्यापाशी आणि बेथपाशी तो फार हळवा होतो. पटकथेने जे सांगायचं सोडलंय ते वाद्यवृंद सांगतो. मी हे संगीत सिनेमाशिवायही ऐकतो, लोकलच्या गर्दीतही ते टिकतं.

नाममात्र

म्हणजे कुत्रा बाहुलेवाल्यांनी वाचवला, भावना संगीतकाराने वाचवली. मग दिग्दर्शकाने काय केलं?

साचेवाला

@नाममात्र, दिग्दर्शक स्वतः बाहुलेवाला होता हो! कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्यानेच ठरवलं ना? खड्ड्यातल्या प्रसंगात तो कुत्र्याला आधी झटकन दाखवत नाही, उगाच दचकवत नाही. घाई न करता राहू देतो. दुसरा कुणी असता तर बाहुल्यावर विश्वास नसल्यामुळे भराभर कापलं असतं. ज्याने स्वतः घडवलंय त्यालाच माहीत असतं की हे किती वेळ बघितलेलं टिकेल.

तुमचं एक मात्र मान्य. कोशानंतर हाच विश्वास अंगाशी येतो. प्राणी पूर्ण आहे, हवं ते करू शकतो, म्हणून त्याच्याकडून सगळं करून घेतलंय. आम्लाच्या वांतीने वितळणारा चेहरा, लिफ्ट, सगळं. (वितळणारे चेहरे हा वालासचा हातखंडा. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'च्या शेवटी वितळतो तो चेहराही त्याचाच.) कारागिराला आपलं सगळं दाखवायचा मोह होतो, दिग्दर्शकाने तो आवरायचा असतो. इथे दोघे एकच माणूस होते, आवरणार कोण?

हार्बर_लाईन

हे वाक्य आमच्या घरच्या गणपतीच्या सजावटीलाही लागू आहे. माझा भाऊच कारागीर आणि भाऊच दिग्दर्शक. गेल्या वर्षी लायटिंगमध्ये गणपती शोधावा लागला.

मुलुंडचा_उंबरठा

अवांतर, पण विषय निघालाच आहे तर: आपल्याकडे हे काम कुणी केलं याची नोंद कुठे होते? रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधला (१९८४) सामरी सगळ्यांना आठवतो. तो करणारे अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनियर होते. त्यांचा चेहराच इतका वेगळा की रंगभूषेचं निम्मं काम आधीच झालेलं. 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू रामदास पाध्यांनी घडवला हे निदान मराठी माणसाला माहीत आहे. पण 'तुंबाड'मध्ये (२०१८) त्या भयाण आजीच्या आत मोहम्मद समद आहे, म्हणजे विनायकचा मुलगा पांडुरंग झालेला तोच पोरगा, हे मला सिनेमा पाहून झाल्यावर कुणीतरी सांगितलं. विश्वासच बसेना.

पार्लेकरीण

'तुंबाड'ची आजी हे फार योग्य उदाहरण आहे. तीही मरू न दिलेली, खायला घालून कोंडून ठेवलेली. आणि तिथेही मोक्ष देणं हीच दया आहे.

एरिक स्टोल्ट्झचंही एक सांगते. 'फ्लाय २'च्या आधी त्याने 'मास्क' (१९८५) केला होता, चेहऱ्याची हाडं वाढत जाणाऱ्या मुलाचा. अख्खा सिनेमा जड रंगभूषेखाली. त्या सिनेमालाही रंगभूषेचं ऑस्कर मिळालं, आणि लगेच पुढच्या वर्षीचं 'द फ्लाय'ला. म्हणजे चेहरा झाकलेला असताना डोळ्यांनी काम कसं करायचं हे ज्याला येतं असा नट हातात होता. आणि त्याला कोशात बंद करून टाकलं! नाममात्र यांचा मुद्दा मला यामुळेच जास्त पटतो. ही खरी उधळपट्टी.

मुलुंडचा_उंबरठा

बाकी संगणक विरुद्ध रबर या वादात 'द थिंग'च्या २०११च्या सिनेमाची गोष्ट विसरू नका. तिथे प्राणी खरेखुरे घडवले होते, चित्रीकरणही झालं होतं, आणि नंतर त्यांच्यावर संगणकाचं काम चढवून बहुतेक झाकून टाकलं. पडद्यावर जे आलं ते गुळगुळीत. घडवणाऱ्यांचं काय झालं असेल?

साचेवाला

काय होणार? पैसे मिळतात, काम दिसत नाही. मीही यातून गेलोय एका जाहिरातीत. महिना घालून केलेला पंजा अंतिम प्रतीत संगणकाने बदलला होता. त्यापेक्षा वाईट वाटलं ते हे की बदललेला पंजा कशालाच हात लावत नव्हता. टेबलावर ठेवला तरी टेबलाला कळत नव्हतं.

खऱ्या वस्तूचा हाच फायदा आहे. मार्टिन त्या बाहुल्याला कवटाळतो तेव्हा बाहुल्याचं वजन त्याच्या हातावर पडतं. नटाला तो भार सोसावा लागतो, तो भार मग चेहऱ्यावर येतो. संगणकाला नावं ठेवत नाही मी. 'ज्युरासिक पार्क'मध्ये (१९९३) दोन्ही आहे आणि आजही जोड सापडत नाही. पण मिठी मारायची असेल तर समोर काहीतरी पाहिजे.

नाममात्र

हे पटलं. गुण रबराला नाहीत, मिठीला आहेत. असं म्हटलं तर माझी हरकत नाही.

मध्यरात्र

आता मूळ प्रश्नाकडे येऊ या. शेवट न्याय की सूड?

माझं मत सांगतो. वरवर तो चोख हिशोब आहे, तू कुत्र्याचं केलंस ते तुझं झालं. पण ज्या मार्टिनने एका जिवाची तडफड सहन न होऊन स्वतःच्या हाताने ती थांबवली, त्याच मार्टिनच्या विजयात दुसरा जीव त्याच खड्ड्यात तडफडत ठेवलेला आहे. सिनेमाला हे कळलंय का? मला वाटतं, वालासला कळलंय. त्या शेवटच्या प्राण्याला त्याने खलनायकासारखं घडवलेलं नाही, कुत्र्यासारखं घडवलंय. तसाच सरपटतो. लेखकांना टाळ्या हव्या होत्या, घडवणाऱ्याने टाळी वाजवणं अवघड करून ठेवलं.

गिरगावकर

मी नाही मान्य करणार. बार्टॉकने एक पोर विकत घेतल्यासारखं वाढवलं, त्याच्या बापाच्या जागी बसला आणि रोज त्याच्याशी खोटं बोलला. त्याला क्लोरोफॉर्म द्यायचा? कुत्र्याचा काही दोष नव्हता. भयपटात एवढा तरी हिशोब चुकता व्हावा. आणि मार्टिनने त्याला खड्ड्यात ठेवलं असं कुठे दाखवलंय? त्याच्याच प्रयोगशाळेतल्या माणसांनी ठेवलं. मालक बदलला, पद्धत तीच.

कुत्र्यांची_ताई

काका, तुमचं शेवटचं वाक्यच माझा मुद्दा आहे. खड्डा बुजवला नाही ना कुणी. उद्या त्यात तिसरं कुणीतरी असेल.

दोष असलेल्यालाही तसं ठेवू नये असं मला वाटतं. शिक्षा करा, पण वाडगा ठेवून बघत बसू नका. ज्याने कुत्रं मांडीवर घेतलं तो मुलगा बाहेर पडताना त्या खड्ड्याकडे एकदा तरी बघायला हवा होता.

पार्लेकरीण

आणि बेथलाही विचारायला हवं होतं. बटण तिने दाबलं. बार्टॉकचं काय होणार हे तिला माहीत होतं, तिथे तिचा चेहरा दोन क्षण धरला असता तरी तिची व्यक्तिरेखा उभी राहिली असती. जिथे दिग्दर्शक बाहुल्यावर इतका वेळ थांबतो, तिथे बाईवर थांबत नाही.

नाममात्र

काल रात्री पुन्हा पाहिला, या धाग्यामुळेच. कोशापर्यंतचा सिनेमा जमलाय. त्यानंतर पहाऱ्याच्या कुत्र्याला थोपटतो तेवढं सोडून पुन्हा पाहणार नाही. पण खड्ड्यातला शेवट मला सूडही वाटला नाही आणि न्यायही नाही. तो पहिल्या भागाचा शेवट उलटा केलाय. तिथे सेथ मृत्यू मागतो आणि वेरोनिका रडत रडत देते. इथे बार्टॉककडे मागायला तोंडच उरलेलं नाही, आणि द्यायला कुणी नाही. दुसरा भाग पहिल्याला एवढ्या एका जागी उत्तर देतो.

मध्यरात्र

@नाममात्र, हे मला सुचलं नव्हतं. यासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

हार्बर_लाईन

माझा भाचा चौदाचा आहे, सुट्टीत पहिला भाग बघून भारावलाय. त्याला दुसरा दाखवू का?

पार्लेकरीण

लिफ्ट आणि वितळणारा चेहरा चौदाव्या वर्षी नको. थांब थोडा. आणि कुत्र्याचा प्रसंग त्याला एकट्याला बघू देऊ नकोस, सोबत बस.

साचेवाला

आणि दाखवशील तेव्हा हे बनवलं कसं तेही सांग, म्हणजे भीती उतरते आणि बोटं शिवशिवायला लागतात. माझं तसंच झालं होतं. आता सिझन आहे, मान वर करायला वेळ नाही. दसऱ्यानंतर या दोघंही गोरेगावला, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाच्याच्या हाताचा साचा काढू आणि त्यालाच मातीत नखं वाढवायला लावू.

हार्बर_लाईन

व्यनि केलाय. मामाचा हातही चालेल का?